देवाची प्रीती शेजारच्या दारापर्यंत: खानदेशातल्या विश्वासणाऱ्यांसाठी रोजच्या जगण्यातला मार्ग

'देवाची प्रीती इतरांपर्यंत पोहोचवा' हे आपण दर रविवारी उपासनेत ऐकतो. मात्र सोमवारी कापसाच्या शेतात, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये किंवा साक्रीच्या बाजारात उभं राहिल्यावर नेमकं काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. मग दोनच गोष्टी होतात. एक तर आपण गप्प राहतो, नाहीतर एकदम पत्रकं वाटायला लागतो. मधला लांबचा रस्ता तसाच राहतो. हा लेख त्या रस्त्याबद्दल आहे.

आधी आपली जागा ओळखू या. खानदेशात आपण ख्रिस्ती लोक थोडे आहोत. भुसावळ, जळगाव, धुळे या शहरांत विखुरलेल्या मंडळ्या आहेत आणि नवापूर-चिंचपाड्याकडे मावची, भिल्ल वस्त्यांमध्ये विश्वासणारे जास्त आहेत. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्याच सुमाराच्या काळात पश्चिमेकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि भुसावळकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक काम करत होते. त्या कामातलं गावाच्या तोंडी आज काय उरलंय ते विचारून पाहा. प्रवचनांपेक्षा दवाखाना, शाळा, बोर्डिंग हेच लोक आधी सांगतात. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आजही चालू आहे आणि तिथे येणारा पेशंट कुठल्या देवाचा, हे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या बाजूला संशयही आहे. 'हे चर्चवाले मदत करतात ती धर्म बदलवण्यासाठी' असं उघड बोललं जातं. त्यावर रागावू नका, पण ते विसरूही नका. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांना लागू असलेली एक अट इथेच सांगतो. मदत ही मदतच असावी, तिच्या मागे काही अपेक्षा बांधलेली नसावी. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं आणि त्यांतला एकच परत आला (लूक 17). बाकीच्या नऊ जणांचं बरं होणं प्रभूने काढून घेतलं नाही.

पहिली पायरी: आधी स्वतः घ्या

'पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो' (1 योहान 4:19). हा क्रम उलटा केला की माणूस सहा महिन्यांत थकतो आणि चिडचिडा होतो. सकाळी दहा मिनिटं पुरेत. शुभवर्तमानातला एक छोटा प्रसंग वाचा. प्रभू त्या माणसाशी कसा वागला एवढंच पाहा आणि तो माझ्याशीही तसाच वागतो, यासाठी उपकार माना. मग तीन माणसांची नावं घेऊन प्रार्थना करा. प्रार्थना घरच्या बोलीत करा, अहिराणीत, मावचीत, जी तोंडात असेल तीत. पुस्तकी मराठीत मागायचा आग्रह देवाचा नाही.

दुसरी पायरी: घर आणि मजुरी

इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही पायरी ओलांडून पुढे जाणारे फार आहेत.

गल्लीला आपल्या घरातलं सगळं ऐकू जातं. नवरा बायकोशी कसा बोलतो, म्हाताऱ्या सासूला ताट कधी मिळतं, मुलगी झाल्यावर घरातला आवाज कसा बदलला, हे शेजारणीला पाळक साहेबांपेक्षा जास्त ठाऊक असतं. म्हणून घरातलं एखादं दुखणं सुधारायला घ्या. भावाशी बांधावरून अबोला असेल, तर मत्तय 5:23-24 प्रमाणे आधी तिकडे जा. बांधाचा वाद कदाचित लगेच मिटणार नाही. पण 'दादा, वाद तलाठ्याकडे राहू दे, तुझ्या पोराच्या हळदीला मी येणार' एवढं तरी बोलता येतं.

आता मजुरी. आपल्यात शेतकरी आहेत, दुकानदार आहेत, मुकादमही आहेत. दसऱ्यानंतर कापूस वेचणी लागते. बाया किलोच्या हिशोबाने वेचतात, संध्याकाळी काट्यावर गाठोडी लागतात. त्या काट्यापाशी तुमची साक्ष ठरते. 'ओला आहे' म्हणून वजनात काट धरायची, मजुरी बाजाराच्या दिवसापर्यंत लांबवायची, सुटे नाहीत म्हणून दहा-वीस रुपये ठेवून घ्यायचे, हे सगळं चालतं आणि कुणी ओरडत नाही. लेवीय 19:13 मात्र मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नको असं सांगतं. याकोब 5:4 तर म्हणतं की अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. म्हणून काटा सगळ्यांना दिसेल असा टांगा. वजन मोठ्याने वाचा. वहीत तिच्यासमोर लिहा आणि पैसे त्याच संध्याकाळी द्या. त्याच अध्यायात शेताच्या कडेचा सरवा गरिबासाठी सोडायला सांगितलंय. शेवटच्या वेचणीनंतर राहिलेला कापूस किंवा दादर (रब्बी ज्वारी) काढल्यावर पडलेली कणसं ज्याला घ्यायची त्याला घेऊ द्या, कुत्रं सोडू नका.

नोकरदारांसाठी हेच वेगळ्या रूपात येतं. कार्यालयात खिडकीपाशी आलेल्या माणसाला 'उद्या या' न म्हणता त्याचा अर्ज आजच पाहणं, शिपायाला नावाने हाक मारणं, सहकाऱ्याचं काम बिघडलं तर ते साहेबासमोर न मांडता आधी त्याला सांगणं.

तिसरी पायरी: चार घरं निवडा

सगळ्या गावावर प्रीती करायला निघालात तर कुणावरच होत नाही. चार घरं ठरवा. एक अगदी शेजारचं. एक असं, जिथे कुणी एकटं आहे, विधवा आजी किंवा मुलं पुण्या-सुरतेला गेलेले आई-बाप. एक तुमच्यापेक्षा वेगळ्या समाजाचं. हे तिसरं घर टाळू नका, कारण चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात (लूक 10) परक्या समाजाचा माणूसच जखमीला उचलतो, सगळा जोर तिथेच आहे. आपल्या मंडळ्यांमध्येही पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं हे पाहिलं तर हा दृष्टांत अजून पचलेला नाही, हे मान्य करावं लागतं. चौथं घर असं घ्या, ज्याच्याशी तुमचं फारसं जमत नाही.

या चार घरांची माहिती हळूहळू मनात साठवा. मुलांची नावं, कोण आजारी, कुणाची परीक्षा, कर्ज कुठलं. याची यादी करून मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका. 'अमक्यांसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरात दारू आहे' असा मेसेज फिरत फिरत त्याच घरात पोहोचतो.

चौथी पायरी: मागायला शिका

योहान 4 मध्ये प्रभू विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी बोलण्याची सुरुवात 'मला प्यायला दे' अशी करतो. जिच्या हातचं पाणी त्याच्या लोकांनी घेतलं नसतं, तिच्याकडे तो मागतो. आपण मात्र सतत देणाऱ्याच्या जागी बसतो. त्याने समोरचा माणूस छोटा होतो आणि थोड्या दिवसांनी आपल्याला टाळू लागतो.

म्हणून शेजाऱ्याकडून घ्या. शेजारच्या अक्कांना म्हणा, 'मला खापरावरचे मांडे कधी जमलेच नाहीत, एकदा तुमच्यासोबत बसू द्या.' मांडा हातावर फिरवून मोठा करायला शिकवणारी बाई दोन तास बोलते. तिची सासू, तिची लेक, तिचं माहेर, सगळं त्या चुलीपाशी निघतं. तुम्ही फक्त पीठ फाटू नये याकडे लक्ष द्या आणि ऐका. पुरुषांना हेच पारावर करता येतं. केळीच्या खोडाला कुठलं खत लागतं, मोटर का जळाली, भरीताची वांगी कुणाकडची आणावी, असं विचारा. शेजारचे आबा ज्यात तरबेज आहेत ते त्यांच्याकडून शिका. नोकरीसाठी बाहेरून आलेले असाल तर अहिराणी शिका. चुकीची बोललात तरी लोक हसून सुधारतात आणि अंतर कमी होतं.

पाचवी पायरी: ऋतूप्रमाणे हात लावा

'काही लागलं तर सांगा' असं म्हटल्यावर खानदेशी माणूस कधीच सांगत नाही. काय लागेल ते आपणच ओळखायचं, आणि ते बहुतेक वेळा ऋतू सांगतो.

एप्रिल-मे. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो. दाराबाहेर सावलीत मातीचा माठ ठेवा, झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, रोज सकाळी माठ घासून भरा. माठावर वचन लिहिलेलं नसलं तरी चालेल. एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे दुपारी एकदा डोकावून या. उन्हातून आलेल्याचं अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध झालेलं असेल तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. जुलाब-उलट्यांच्या घरी ओआरएसची पाकिटं नेऊन द्या. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

दसरा-दिवाळीनंतर. नंदुरबारच्या डोंगराळ भागातून आणि इतर गावांतून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मागे म्हातारे आणि शाळकरी पोरं राहतात. जाण्याआधी त्या घराचं रेशन कार्ड आणि आधार जोडलेलं आहे का ते बघून द्या. एक देश एक रेशन कार्ड योजनेमुळे दुसऱ्या गावातही धान्य उचलता येतं, पण हे अनेकांना माहीत नसतं. मागे राहिलेल्या आजीच्या औषधाच्या गोळ्या कधी संपतात ती तारीख लक्षात ठेवा. पोरगं शाळेत जातंय का, हे मास्तरांना विचारा. आई-बापाचा फोन आला की त्याला तो घेता येईल, अशी एक जागा तुमच्या घरात असू द्या.

दवाखाना. माझ्या मते देवाच्या प्रीतीसाठी आपल्या भागात यापेक्षा मोठी जागा नाही. जिल्हा रुग्णालयाच्या दारापाशी सकाळी नऊला उभं राहून पाहा. धडगावकडून आलेलं जोडपं, बोली पावरी, केस पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेला. खिडकी कुठली ते कळत नाही, आणि विचारलं की 'पुढे जा' एवढंच ऐकू येतं. इथे तुम्हाला वैद्यक यावं लागत नाही. केस पेपर वाचा, खोली नंबर सांगा, सोबत चालत जा. रांगेत त्यांच्या जागी उभे राहा म्हणजे बाई सावलीत बसेल. आत डॉक्टर काय म्हणाले ते कागदावर लिहून घ्या. गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढा, जितक्या गोळ्या तितके टिंब. वाचता न येणाऱ्याला एवढं पुरतं. संध्याकाळची एसटी कधी आहे ते विचारून ठेवा. त्या दिवशी प्रभूचं नाव घ्यायची वेळ आली नाही तरी हळहळू नका.

नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यात कित्येकदा रक्त चढवावं लागतं. मंडळीतल्या तरुण संघाने रक्तदानाची सवय लावून घ्यावी. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त, पुरुषांनी 90 दिवसांनी आणि स्त्रियांनी 120 दिवसांनी पुन्हा द्यायला हरकत नाही. वर्षातून एकदा बॅनर लावून शिबिर घेण्यापेक्षा वर्षभर थोडे थोडे रक्तदाते जात राहिले तर रक्तपेढीला जास्त उपयोग होतो.

कर्जाने खचलेला शेतकरी. कापसाचा भाव पडलाय, सोसायटीची नोटीस आलीय आणि माणूस बोलेनासा झालाय. त्याच्याजवळ बसा. 'देव परीक्षा घेतो' असं काही बोलू नका. 'जिभाऊ, जीव द्यायचा विचार मनात येतो का?' असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार वाढत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरात फवारणीचं औषध असेल ते बाहेर हलवा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर त्याच्यासमोर फोन लावा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे सोबत जा.

सहावी पायरी: दारावर जाणं

मयत झाली की आपल्याकडे दारावर जातात. ख्रिस्ती माणसाने हे कधीच चुकवू नये, घर कुठल्याही धर्माचं असो. 'शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा' (रोम 12:15) यात जातीची अट नाही. तिथे जाऊन बसायचं, बस्स. 'काय व्हयनं माय?' एवढं विचारलं की ती माउली शेवटच्या रात्रीपासून सगळं सांगते. दहाव्यांदा सांगत असेल तरी पहिल्यांदा ऐकताय असं ऐका. स्वर्ग-नरकाचा विषय त्या ओट्यावर काढणं निर्दयपणाचं आहे, तो मी कुणालाच काढू देणार नाही. विधी होतील त्यात तुम्हाला हात जोडायचे नसतील तर शांत उभे राहा. पाणी भरणं, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, मंडपाचा हिशोब बघणं, ही कामं घ्या.

गंधमुक्ती (दुखवट्याचे दिवस संपल्याचा विधी) झाली की दारावरची गर्दी ओसरते. तुमचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. महिन्याने जा. तीन महिन्यांनी जा. पहिल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जा. त्या सणाला माहेरी आलेल्या लेकीला बापाची खुर्ची रिकामी दिसते, तेव्हा कुणीतरी त्याची आठवण काढलेली तिला हवी असते.

सातवी पायरी: प्रार्थना, परवानगी घेऊन

दुःख सांगून झाल्यावर विचारा, 'मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो रोज. आत्ता इथे केली तर चालेल का?' नाही म्हणाले तर 'बरं' म्हणा आणि घरी करा. हो म्हणाले तर दोन मिनिटांत आटपा. साध्या शब्दांत, हळू आवाजात, त्यांनी सांगितलेली गोष्ट नावासह देवापुढे मांडा. डोक्यावर हात ठेवायचा असेल तर आधी विचारा. स्त्रीसाठी प्रार्थना असेल तर घरातलं कुणी किंवा आपली बहीण सोबत असू द्या. प्रार्थनेत उपदेश घालू नका, 'हे प्रभू, यांना सत्य कळू दे' हे वाक्य समोरच्याला लागतं.

आणि गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. टीबीचं औषध, इन्शुलिन, फिटची गोळी 'विश्वासाने' सोडायला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणं आहे. बरं वाटलं तरी गोळी डॉक्टरच्या सांगण्यावरूनच थांबेल, हे तुम्हीच ठामपणे सांगा.

आठवी पायरी: विचारलं की सांगा

केव्हातरी प्रश्न येतो. 'जिभाऊ, तुम्ही हाई समदं कसाले करतस?' (हे सगळं कशासाठी करता?) 1 पेत्र 3:15 मध्ये सांगितल्याप्रमाणे उत्तर तयार असावं, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्यावं. इथे गप्प राहणं नम्रतेचं वाटतं, पण तेही बरोबर नाही. ज्याच्यामुळे करतो त्याचं नाव सांगितलं नाही तर सगळं श्रेय आपल्याकडे राहतं.

उत्तराची तयारी घरी करा. तीन गोष्टी, दोन-तीन मिनिटं: मी कसा होतो, येशूमध्ये मला काय मिळालं, त्याने आज काय बदललंय. उदाहरणार्थ, 'आबा, माझ्या मनात सतत भीती असायची, पैशाची, आजाराची. देव माझ्यावर प्रीती करतो हे येशूच्या वधस्तंभाकडे पाहून मला पटलं. संकटं तीच आहेत, पण मी एकटा नाही. मला मिळालं ते माझ्यापाशी ठेवून कसं चालेल?' एवढं सांगून थांबा. 'तारण', 'नवा जन्म', 'अभिषेक' हे मंडळीतले शब्द समजावल्याशिवाय वापरू नका. दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट शब्द काढू नका, त्याची काही गरज नसते. पुढे विचारलं तर लूककृत शुभवर्तमान वाचायला द्या, त्यात गोष्टी आहेत आणि गरिबांची बाजू आहे.

मर्यादा कुठे

कायदा ठाऊक असू द्या. संविधानाच्या अनुच्छेद 25 ने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. नवापूर स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. पलीकडे गुजरातेत आणि उत्तरेला मध्य प्रदेशात बळ, लालूच, फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध स्वतंत्र कायदे आहेत. सीमेवरच्या मंडळ्यांनी हे वकिलाकडून नीट समजून घ्यावं. तसंही, लालूच हे प्रीतीच्या विरुद्धच आहे.

मदतीचे फोटो काढू नका. डाव्या हाताला कळू नये अशी आज्ञा आहे (मत्तय 6:3), मग व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला कसं कळेल? लहान मुलांना आई-बापाच्या परवानगीशिवाय संडे स्कूलला आणू नका. रोख पैसे एकट्याने देऊ नका. मोठी गरज असेल तर मंडळीतल्या दोघांशी बोलून थेट दवाखान्यात किंवा शाळेत भरा. आणि घरखर्च बुडवून दानधर्म करू नका, त्याचा भार बायको-मुलांवर पडतो.

प्रसादाचा प्रश्न नेहमी येतो. 1 करिंथ 8 ते 10 वाचा आणि तुमच्या विवेकाप्रमाणे ठरवा, विश्वासणाऱ्यांमध्ये यात मतभेद आहेत. घेत नसाल तर हात झटकून मागे सरू नका. 'वहिनी, प्रसाद नको, पण तुमच्या हातची शेवभाजी मी जेवूनच जाणार' असं म्हटल्यावर कुणी दुखावलं जात नाही. लग्नाला, हळदीला, बारशाला जा. नाताळला चारही घरी फराळाचं ताट पाठवा, आणि त्यांचं ताट आलं की रिकामं परत करू नका.

या रविवारी सुरू करायचं असेल तर

उपासनेनंतर घरी आलात की चार घरं ठरवा. सोमवारी त्यांतल्या एका घरातून काहीतरी मागून आणा, विरजण चालेल, शिडी चालेल. आठवडाभरात कुणाची मजुरी किंवा उधारी तुमच्याकडे अडली असेल ती चुकती करा. दवाखान्यात महिन्यातून एक सकाळ द्यायची असेल तर वार ठरवा आणि सोबत कोण येणार हे मंडळीत विचारा, एकट्याने हे टिकत नाही. तुमची दोन मिनिटांची साक्ष आधी घरच्यांना सांगून पाहा. कुठला शब्द त्यांना कळला नाही ते विचारा आणि तो बदला. शेजारी वर्षानुवर्षं मंडळीत आला नाही तरी त्याच्या घरची चार कामं चालू ठेवा. तो स्वतःहून येतो म्हणाला तर त्याच्या घरच्यांना माहीत आहे का ते विचारा, पाळक साहेबांशी ओळख करून द्या आणि उपासनेत त्याच्या शेजारी बसा.